दूध प्यायलेले गाडगे

मी एक गाडगे आहे. मित्रांनो, स्वतःला जुने म्हणवून घ्यायला मला जरा संकोच वाटतो, कारण आमच्या घरात माझ्याहून कितीतरी जुने रांजण आहेत आणि ते मला अजून कालचे पोर समजतात. पण माझा काठ एका जागी उडाला आहे, पोटावर तपकिरी ओघळ आहेत आणि रोज संध्याकाळी माझ्यात दही लावले जाते. गाडग्याला जुने म्हणायला एवढे पुरे असावे.

मी लढाया पाहिल्या नाहीत, की कुठल्या राजाच्या ताटापाशी बसले नाही. मला दोन बायकांनी घडवले. एक मराठी बोलणारी, दुसरी कानडी बोलणारी. आणि खरे सांगायचे तर मी आज जसे दिसते तसे मला करायचे दोघींपैकी कुणाच्याच मनात नव्हते. एका शब्दाची चूक झाली आणि तिने माझे भले केले. त्या चुकीचे आभार मानावेत म्हणून आज बोलायला बसले आहे.

आमचे घर मैंदर्गीला, कुंभारांच्या गल्लीत. इथे भांडण कानडीत सुरू होते आणि मराठीत मिटते, नाहीतर उलटे. घर सिद्धलिंगप्पा कुंभाराचे. ते आता नाहीत. त्यांचे चाक भिंतीला टेकवून ठेवले आहे आणि त्यांची बायको चंद्रव्वा दर सोमवारी त्याला विभूती लावते. त्यांचा मुलगा बसवेश चाकावर कधी बसलाच नाही. तो सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर काम करतो, तिथेच पाच जणांत एका खोलीत राहतो आणि सुट्टीला मोटारसायकलवरून घरी येतो. म्हणजे आठवडाभर घरात माणसे दोनच. सासू चंद्रव्वा आणि सून दाक्षायणी.

दाक्षायणी टेंभुर्णीची. तीही कुंभाराचीच लेक, पण कानडीचा तिला गंध नव्हता. चंद्रव्वाला मराठी कळायचे, मात्र बाजारापुरते. सासू-सुनांचे पहिले वर्षभर एकदाही भांडण झाले नाही. गल्लीतल्या बायकांना याचे मोठे कौतुक वाटे. पण मित्रांनो, भांडायलासुद्धा एक भाषा लागते. या दोघी हातवारे करत, 'नीरु' म्हणजे पाणी आणि 'ऊटा' म्हणजे जेवण एवढ्यावर दिवस काढत होत्या. जेवण झाले की एक चुलीकडे तोंड करून बसे आणि दुसरी दाराकडे.

सासरे गेल्यावर आवा बंद पडला. आवा म्हणजे आमची भट्टी, जिथे कच्ची भांडी भाजतात. दाक्षायणीला हे सोसवत नव्हते. तिच्या हातांना मातीची सवय होती. रिकामी बसली की तिची बोटे पदराचीच गोळी वळत. पण आमच्या घरची रीत अशी, की बाईने चाकावर बसायचे नाही. माती तुडवावी, थापावी, रंगवावी, पण चाक पुरुषाचे. चंद्रव्वाने उभ्या जन्मात चाकाला हात लावला तो फक्त विभूती लावायला. त्यापुढे सुनेने काय बोलावे?

मग दाक्षायणी म्हैस घेऊन माळावर जाऊ लागली. म्हैस चरे आणि ही खाली बघत हिंडे. संध्याकाळी येताना तिच्या ओच्यात बाभळीच्या शेंगा असत, वाळून फुटलेले कवठ असे, ओढ्यातले गुळगुळीत गोटे असत. चंद्रव्वा ते बघून कपाळाला हात लावी. सून माळावरून सरपण आणते म्हणावे, तर त्यावर चहासुद्धा उकळला नसता.

एके दिवशी तिने एक काटकी आणली. काटकीला मातीचे इवलेसे मडके चिकटलेले होते, बोराएवढे. गोल पोट, आखूड मान आणि बाहेर वळलेला काठ. ते एका माशीचे घर होते. आपल्याकडे त्या माशीला कुंभारीण म्हणतात, तुम्हीही खिडकीच्या गजावर तिचे घर पाहिले असेल. दाक्षायणीने ती काटकी चंद्रव्वाच्या पुढ्यात धरली.

"आत्या, हिला कुनी चाक दिलं?"

चंद्रव्वा म्हणाली, "ते माशी हाय."

"व्हय की. पर कुंभारीनच न्हवं? चाकावर बसली न्हाय, तरी घडा केलाच की. मी बी चाकाला हात लावत न्हाय आत्या. हिच्यावानी हातानंच करते."

यातले किती शब्द चंद्रव्वाला कळले कोण जाणे. पण ते इवले मडके तिने डोळ्यांजवळ नेले आणि नखाने त्याचा काठ चाचपला. मग ती उठली. खुंटीवरचे तिचे स्वतःचे थापटणे, भांडी थापायचे लाकूड हो, दोन वर्षांत तिने काढले नव्हते. ते काढून तिने सुनेच्या मांडीवर ठेवले.

अशी आमच्या घरात पुन्हा माती भिजली. ओढ्याचा गाळ, त्यात राख आणि लीद. दाक्षायणी गोळा घ्यायची, अंगठ्याने त्यात खळगा पाडायची, वळ्या चढवायची आणि आतून गोटा, बाहेरून थापटणे अशी थापत बसायची. चंद्रव्वा शेजारी बसून माती मळून द्यायची. पहिल्या आव्याची गाडगी देखणी निघाली. बसवेशने ती पोत्यात भरून सोलापूरला नेली. तिथे तो जिथे सकाळी चहा प्यायचा, त्याच्या शेजारी जाहिदा नावाच्या बाईचे दूध-दह्याचे दुकान होते. तिला प्लास्टिकचे डबे नको झाले होते. दही मातीत लावले की घट्ट होते हे तिला ठाऊक होते, म्हणून तिने हौसेने सगळी गाडगी ठेवून घेतली.

पुढच्या सुट्टीला बसवेश आला तो तेच पोते घेऊन. गाडगी परत आली होती.

"जाहिदाआपा काय म्हनल्या सांगू?" तो म्हणाला. "म्हनल्या, भांडी लई नामी हायेत भाई, पर रडत्यात की. सकाळी काउंटर पुसला की दुपारी पुना वल्ला. गिऱ्हाइकाच्या पँटीवर दह्याचं पानी गळालं तर तो माज्या नावानं बोंबलनार न्हाय व्हय?"

मित्रांनो, माठाने पाझरावे, तो त्याचा गुण. त्यामुळेच पाणी गार होते. पण दह्याचे गाडगे पाझरू लागले तर तो त्याचा दोष होतो. गुण आणि दोष एकाच मातीत असतात. आमची माती माठाची होती, पिढ्यान्पिढ्या माठच केलेली. तिला दह्याची गाडगी व्हायचे कसे, हे कुणी शिकवलेच नव्हते.

त्या दिवशी बसवेशने ठरवून टाकले. "आता पुरं झालं. एमआयडीसीजवळ खोली बगून ठेवलीया. उनाळा सरला की म्हैस इकू आनि बिऱ्हाड हलवू." हे त्याने बायकोला मराठीत सांगितले आणि आईला कानडीत, म्हणजे घराला ते दोनदा ऐकावे लागले.

त्याला वाईट म्हणू नका. पाच जणांच्या खोलीत डब्यातले गार जेवण खाऊन तो कंटाळला होता. आपली माणसे आपल्याजवळ असावीत एवढेच त्याला हवे होते. पण खोलीत म्हैस मावत नाही आणि शहरातल्या गल्लीत आवा पेटवता येत नाही. दाक्षायणीच्या हातात नुकती कुठे माती आली होती आणि ती आता सुटणार होती.  चंद्रव्वा उठून चाकापाशी गेली आणि सोमवार नसताना त्याला विभूती लावली.

"एक आवा आनखी काडू द्या," दाक्षायणी म्हणाली. "मग तुमी म्हनाल तसं."

"काड," बसवेश म्हणाला. "पर शेवटचा."

मी त्या शेवटच्या आव्यातले. शेंडेफळाचे लाड होतात तसे माझे झाले. दाक्षायणीने माळावरचे सगळे माझ्यावर ओतले. माझे पोट तिने कवठासारखे गोल केले, पण भांडे गडगडू नये म्हणून बूड थापून सपाट केले. मानेभोवती बाभळीची ओली शेंग गोल फिरवून दाबली. ही शेंग म्हणजे मण्यांची माळ, माळावरची पोरे तिचे पैंजण करून पायात घालतात. त्या मण्यांमुळे ओल्या हातातून मी निसटत नाही. आणि माझा काठ कुंभारीण माशीकडून आला. बाहेर वळलेला, म्हणून माझ्यातून ताक ओतले तर धार तुटून पडते, अंगावरून ओघळत नाही. त्या माशीने हे कुठून शोधून काढले असेल, मला नेहमी नवल वाटते. तिला मी मनातल्या मनात माझी मोठी आई म्हणते.

मी सावलीत सुकले. गोट्याने घासून माझे अंग गुळगुळीत झाले. मग तुराट्या, गोवऱ्या आणि उसाचे पाचट यांच्या थरात मला इतरांबरोबर रचले, वरून मातीचा लेप दिला आणि आवा पेटला. आतले काय सांगू? जे होते ते सोसले. सगळ्या भाजलेल्या वस्तू आपापली आच मोठी करून सांगतात, मी सांगणार नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर दाक्षायणीने आवा उकरला. वरचा लेप बाजूला सारून तिने लांब आकड्याने पहिले भांडे बाहेर काढले. ते मी. अजून माझ्या अंगातून झळा निघत होत्या. तिने मला दोन विटांवर टेकवले.

आता आमच्या घरची आणखी एक रीत तुम्हाला सांगायला हवी, नाहीतर पुढचे कळणार नाही. आव्यातून पहिले भांडे निघाले की त्यावर चार थेंब दूध शिंपडायचे. सिद्धेश्वराच्या नावाने, बोटांनी, चारच थेंब. म्हणून चंद्रव्वा म्हशीची धार काढून, दुधाने भरलेली चरवी घेऊन अनवाणी येत होती. दूध अजून कोमट होते.

ती आव्याच्या कडेने आली. तिथे राख पसरली होती. वरून पांढरी, थंड दिसणारी राख, आणि तिच्या खाली आकड्याने ओढलेले निखारे. चंद्रव्वाचे पाऊल उचललेले होते. ते पडणार होते बरोबर त्या निखाऱ्यांवर. दाक्षायणीने ते पाहिले आणि जीव खाऊन ओरडली.

"हालू नका! आत्या, हालू नका!"

मित्रांनो, मराठीत 'हालू नका' म्हणजे जागचे हलू नका. पण कानडीत 'हालु' म्हणजे दूध, आणि 'हाकु' म्हणजे घाल, ओत. चंद्रव्वाच्या कानाने तेवढेच उचलले जे त्याला ओळखीचे होते. सून जिवाच्या आकांताने ओरडते आहे, हालु हाकु, दूध ओत! काहीतरी विपरीत झाले असणार, भांडे तडकते आहे की काय! ती जागच्या जागी वळली, उचललेले पाऊल तिने मागे घेतले आणि पुरी चरवी माझ्यावर उपडी केली.

चर्रर्र झाले. वाफेचा लोट उठला. जळक्या दुधाचा वास साऱ्या गल्लीत गेला आणि माझ्या अंगावरून, आतून, बाहेरून दूध उकळत उतरले. मला वाटले, तडकले मी आता. दूध थंड असते तर तडकलेही असते. पण ते म्हशीच्या कासेतून नुकते निघालेले होते, कोमट. त्या म्हशीचेही माझ्यावर उपकार आहेत.

वाफ ओसरली तेव्हा दाक्षायणी माझ्याकडे बघत उभी होती. तिचे सगळ्यात देखणे गाडगे, माळावरचा सगळा साज ल्यालेले, आता काळपट तपकिरी झाले होते आणि पोटावर ओघळच ओघळ. ती मटकन खाली बसली आणि रडू लागली.

"आत्या, काय केलंसा हे?"

"नीने हालु अंदि!" चंद्रव्वा म्हणाली. तूच तर हालु म्हणालीस!

"हालू म्हनलं! हालू! हलू नका!"

"मग हालुच ओतली की मी! सगळी ओतली! च्याला बी ठिवली न्हाय!"

"दूद न्हवं हो आत्या, पाय! पायाखाली बगा की!"

चंद्रव्वाने खाली पाहिले. दाक्षायणीने आकड्याने राख उकरून दाखवली. लालभडक निखारे. पाऊल जिथे पडणार होते, अगदी तिथे. चंद्रव्वाने आपल्या अनवाणी पायाकडे पाहिले, मग निखाऱ्यांकडे, मग रिकाम्या चरवीकडे. दोघी एकमेकींच्या भाषेत एकमेकींना तावातावाने आणखी काहीबाही बोलल्या. ते त्यांचे पहिले भांडण. शेजारची बाई चहाचा कप हातात घेऊन ऐकायला येऊन उभी राहिली. आणि मग चंद्रव्वा एकाएकी हसायला लागली. पदर तोंडाला लावून, अंग गदगदा हलवत. "हालु," ती म्हणे, "हालू," दाक्षायणी म्हणे, आणि दोघींना हसू आवरेना. शेजारीण बिचारी हिरमुसून परत गेली.

शब्दाचा अर्थ चुकला होता, पण पाऊल थांबले होते. चंद्रव्वाने सुनेच्या गालांवरून दोन्ही हात फिरवून आपल्या कानशिलांवर बोटे मोडली. त्या दिवसापासून ती तिला मायेने 'दाक्षव्वा' म्हणू लागली.

त्या दिवशीचा चहा दोघींनी कोरा प्यायला.

दुसऱ्या दिवशी गाडगी पाजायची होती. म्हणजे प्रत्येकात पाणी भरून बघायचे, पाझरते की नाही. दाक्षायणीने सगळी ओसरीत फरशीवर मांडली, पाणी भरले. मला ती भरणार नव्हती. चंद्रव्वाने भरले. "हे बी तर आपलंच हाय," असे काहीसे ती कानडीत म्हणाली. दुपारी दाक्षायणी बघायला आली. एक गाडगे उचलले, खाली ओले कडे. दुसरे उचलले, ओले कडे. तिसरे, चौथे, तेच. तिचे तोंड उतरत गेले. शेवटी तिने मला उचलले.

माझ्या खाली फरशी कोरडी होती.

तिला खरे वाटेना. तिने तळव्याने फरशी पुसून पाहिली, मग माझे बूड गालाला लावून पाहिले. कोरडे. तिने चंद्रव्वाला हाक मारली. मला चांगले आठवते, ती हाक कानडीत होती. "अत्ती! इल्ली बा!" सासूबाई, इकडे या! दुधाने माझी सगळी छिद्रे बुजवली होती. जळून काळी झालेली साय माझ्या अंगात मुरली होती आणि पाण्याला वाट सापडत नव्हती.

मग मला जाहिदाआपांच्या काउंटरवर नेले. बसवेशने नेले, पण नाइलाजाने, तोंड वाकडे करून. त्यांनी मला नीट न्याहाळले. ओघळांकडे बघून म्हणाल्या, "ये क्या, भाजलंय व्हय हे?" तरी त्यांनी माझ्यात दही लावले आणि चांगले आठवडाभर मला तिथेच बसवले. येणारे-जाणारे गिऱ्हाईक माझ्या मानेवरच्या मण्यांना हात लावी. काउंटर कोरडा राहिला. दही असे लागले, की चमचा उभा राहावा.

"भाई," बसवेशला त्या म्हणाल्या, "हे गाडगं रडत न्हाय. तुमच्या घरवालीला सांगा, अशी देत ऱ्हा म्हनावं. आनि असंच करपलेलं पायजे हां. गोरं-गोमटं नको मला."

बसवेशने घरी येऊन हे सांगितले. सांगताना तो खाली बघत होता.  सासू-सून दोघी फक्त त्याच्याकडे बघत राहिल्या. दोन भाषांच्या दोन बायका एकाच वेळी गप्प बसल्या की माणसाने काय करावे? "बगू," तो म्हणाला. "दिवाळीपत्तूर बगू."

पण मित्रांनो, दर गाडग्याला चरवीभर दूध ओतायचे म्हणजे घर बुडायला किती वेळ? चंद्रव्वा तर जळक्या दुधाचे नाव काढले की कानाला हात लावी. म्हणून दाक्षायणीने आधी ताक ओतून पाहिले, मग ज्वारीची पातळ आंबील. आंबिलीने काम झाले. आमच्या भागात ज्वारीला काय तोटा! आव्यातून भांडे गरम गरम काढायचे, आत-बाहेर आंबील फिरवायची, चर्र आवाज, आणि गाडगे तयार. रंग उतरतो तपकिरी, वाळल्या बाभळीच्या शेंगेचाच. फक्त आव्यातल्या पहिल्या भांड्याला दूध. चार थेंब नव्हे, वाटीभर. ही आमच्या घरची नवी रीत. आणि तिचे शब्दही ठरून गेले. पहिले भांडे विटांवर टेकले की दाक्षायणी ओरडे, "हालू नका!" आणि चंद्रव्वा दूध ओते. दोघी दर वेळी पहिल्यासारख्याच हसत.

दिवाळी आली आणि गेली. खोली दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. पुढच्या वर्षी बसवेशने आव्यावर पत्र्याचे छप्पर घातले, मग सुट्टीच्या दिवशी मातीही तुडवू लागला. बिऱ्हाड हलवायचे नाव मात्र त्याने पुरते सोडले नव्हते. ते 'बगू'मध्ये अडकून होते.

मी जाहिदाआपांच्या दुकानात बरीच वर्षे काढली. एकदा पातेले लागून माझा काठ उडाला. दुसऱ्या कुणी मला कचऱ्यात टाकले असते. आपांनी मला वर्तमानपत्रात गुंडाळून बसवेशकडे दिले. "हे पैलं हाय. पैल्याला फेकत न्हाईत," एवढेच त्या म्हणाल्या. त्यांचे आभार मानायला मला आधी जमले नाही, आज मानते.

तेव्हापासून मी घरी आहे, खिडकीखालच्या फळीवर. त्या खिडकीच्या गजावर एक कुंभारीण दरवर्षी घर करते आणि कुणी ते पाडत नाही. माझ्या शेजारी चंद्रव्वाची बाज आहे. यंदा तिचे गुडघे गेले. आव्यापर्यंत तिला जाववत नाही, ती दारातून बघते.

आता ज्यासाठी ही गोष्ट सांगायला घेतली ते सांगते. मागच्याच महिन्यात बसवेशने पुन्हा विषय काढला. या वेळी त्याचे कारण खरे होते. "अव्वाचं गुडघं हितं बरं हुनार न्हाय. सोलापुरात मोठा दवाखाना हाय. तिला तिकडं ठिवू. आनि ती गेली की दाक्षा, तू तरी एकटी हितं काय करनार?"  सासूच्या दुखण्यापुढे दाक्षायणी मातीची कथा काय सांगणार? तिने मान डोलावली. म्हशीला गिऱ्हाईक बघायचे ठरले. चंद्रव्वा बाजेवर पडून ऐकत होती, दोन्ही भाषांत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आवा उघडायचा होता. बसवेश घरीच होता. त्याने लेप फोडला, दाक्षायणीने आकड्याने पहिले भांडे काढून विटांवर टेकवले. आणि सवयीने, अगदी सवयीने, तिच्या तोंडून निघून गेले.

"हालू नका!"

राखेपाशी दूध ओतायला कुणीच नव्हते. दुधाची चरवी फळीवर माझ्या शेजारी तशीच भरलेली होती. दाक्षायणीच्या ते लक्षात आले आणि तिने ओठ चावला. बसवेश खाली बघू लागला.

तेवढ्यात घरातून आवाज आला. चंद्रव्वाचा, आणि चक्क स्वच्छ मराठीत.

"हालत न्हाय ग, दाक्षव्वा. कुटं बी जात न्हाय मी. हितंच हाय."

दाक्षायणीच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. ते पुसायला तिचे हात मोकळे नव्हते. "आयतु, अत्ती," ती म्हणाली. बरं, सासूबाई. 

 मग बसवेश आत आला. आईच्या बाजेपाशी क्षणभर थांबला, तिच्या गुडघ्यावर त्याने हात ठेवला. फळीवरची चरवी उचलली. बाहेर जाऊन, राखेला वळसा घालून, त्याने वाटीभर दूध नव्या भांड्यावर आपल्या हाताने ओतले. चर्र झाले, वाफ उठली, वास दारातून आत आला. चंद्रव्वा बाजेवर हसत होती.

म्हैस घरीच आहे. चंद्रव्वाला दवाखान्यात बसवेश मोटारसायकलवर पुढे-मागे उशा बांधून नेतो आणि संध्याकाळी परत आणतो. गुडघे थोडे बरे आहेत, फार नाहीत.

मित्रांनो, शेवटी माझी तुमच्याकडे एवढीच विनवणी. घरी मातीचे भांडे असेल तर त्याला साबण लावू नका. आम्ही जे पितो ते विसरत नाही, साबणसुद्धा. गरम पाणी आणि काथ्या आम्हाला पुरतो. काठ उडाला म्हणून आम्हाला टाकू नका, उडालेल्या काठातही दही लागते. माळावर गेलात तर कुंभारणीचे घर पाडू नका, त्यातून कुणाची तरी लेक शिकते. आणि आपले कुणी परक्या शब्दांत जिवाच्या आकांताने ओरडले, तर शब्द कळण्याची वाट बघू नका. आधी पाऊल थांबवा. अर्थाचे काय, तो निवांत चहा पिताना विचारता येतो.

कोरा असला तरी चालेल.